हेन्री, पॉल : पश्चिम आयर्लंडची निसर्गचित्रे

(११ एप्रिल १८७६–२४ ऑगस्ट १९५८). आधुनिक आयरिश निसर्गचित्रकार. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ॲकिल बेट व कॉनेमारा या प्रदेशांच्या चित्रणासाठी प्रसिद्ध. निळसर डोंगर, त्यांच्या माथ्यावर रचलेले प्रचंड ढग, पायथ्याशी गवताने शाकारलेली दोनचार पांढरी घरे, शेजारी पीटचा काळसर ढीग आणि पुढे स्थिर पाणी, हे त्याच्या चित्रांतील दृश्य आयर्लंडमध्ये इतके सर्वपरिचित झाले, की पुढेपुढे त्या देशात येणारा प्रवासी प्रत्यक्ष भूमीतही हेन्रीची चित्रेच शोधू लागला. या चित्रांचा इतिहास मात्र त्यांच्या शांत रूपावरून वाटतो तितका सरळ नाही. हेन्रीने प्रथम रंगविली ती या भूमीत राबणारी माणसे; भूमी एकटी उरली ती नंतर. ही माणसे त्याच्या चित्रांतून केव्हा व का नाहीशी झाली आणि त्यानंतरचीच चित्रे एका नव्या राष्ट्राची ओळख कशी ठरली, हे पाहिल्याखेरीज त्याच्या कार्याचे यथार्थ मूल्यमापन होऊ शकत नाही.

हेन्रीचा जन्म बेलफास्ट येथे एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या घराण्यात झाला. घरातील वातावरण कर्मठ होते. त्याचा भाऊ रॉबर्ट मिचेल हेन्री हा पुढे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात लॅटिनचा प्राध्यापक झाला. शालेय शिक्षणानंतर पॉलने काही काळ दमास्क कापड विणणाऱ्या एका कारखान्यात आकृतिबंधकार म्हणून उमेदवारी केली व नंतर बेलफास्टच्या कलाशाळेत प्रवेश घेतला. १८९८ मध्ये एका नातलगाच्या आर्थिक साहाय्यामुळे त्याला पॅरिसला जाता आले. तेथे झ्यूल्याँ अकादमीत झां पॉल लॉरां याच्या हाताखाली त्याने मानवाकृतीच्या रेखनाचा रीतसर अभ्यास केला. परंतु त्याच्या दृष्टीला खरे वळण लागले ते जेम्स व्हिस्लरच्या अकादमी कार्मेन या अल्पजीवी कलाशाळेत. व्हिस्लर विद्यार्थ्यांना चित्रफलकाला हात लावण्यापूर्वी पॅलेटवरच सर्व छटा क्रमवार सिद्ध करण्यास लावीत असे. वस्तूचा रंग कोणता, यापेक्षा तो शेजारच्या रंगाहून किती उजळ वा किती गडद आहे, हे प्रथम पाहावे, अशी त्याची शिकवण होती. ही शिकवण हेन्रीने आयुष्यभर पाळली. त्याच्या उत्तरकालीन चित्रांतील आकाश व पाणी यांची सूक्ष्म करड्या छटांमधील बांधणी तिच्यातूनच आलेली आहे. मिलेची शेतकरी चित्रे तसेच व्हान गॉख व सेझान यांची चित्रेही त्याने याच काळात अभ्यासिली. त्याला लाल व हिरवा या रंगांतील भेद नीट जाणवत नसे, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. निळा, करडा व तपकिरी या रंगांकडील त्याचा ओढा काही अंशी या दोषाने स्पष्ट होईल. पण केवळ दोषाने शैली घडत नाही, आणि छटांवरील त्याच्या प्रभुत्वाचे श्रेय व्हिस्लरच्याच शाळेस दिले पाहिजे.

पॅरिसमध्येच त्याची ग्रेस मिचेल (१८६८–१९५३) या स्कॉटिश चित्रकर्त्रीशी ओळख झाली व १९०३ मध्ये त्यांनी विवाह केला. १९०० पासूनची सु. दहा वर्षे हेन्रीने लंडनमध्ये नियतकालिकांसाठी चित्रे काढून उपजीविका केली. या कामामुळे कोळशाच्या रेखनात तो निष्णात झाला. मोठे आकार थोडक्यात मांडणे, तपशील गाळणे व काळ्या-पांढऱ्याचा तोल राखणे हे गुण या रेखाचित्रांनी त्याच्या अंगी बाणले. बेलफास्टचा शालेय मित्र व निबंधकार रॉबर्ट लिंड हा लंडनमध्ये त्याचा सोबती होता. लिंड पती-पत्नी १९०९ मध्ये ॲकिल बेटावर राहून आली होती. तिच्याच आग्रहावरून हेन्री दांपत्य १९१० मध्ये थोड्या दिवसांच्या सुटीसाठी तेथे गेले. परतीच्या प्रवासाचे तिकीट आपण फाडून समुद्रात भिरकावून दिले, असे हेन्रीने ॲन आयरिश पोर्ट्रेट (१९५१) या आत्मचरित्रात सांगितले आहे. हे पुस्तक त्याची दृष्टी गेल्यानंतर प्रसिद्ध झालेले असल्याने त्यातील काही प्रसंगांना कथेचे रूप आले असावे; लंडनशी त्याचा संबंध काही लगोलग तुटला नाही. तथापि १९१९ पर्यंत ॲकिल हेच त्याच्या कलेचे केंद्र राहिले, यात शंका नाही.

मेयो परगण्यातील ॲकिल हे आयर्लंडच्या किनाऱ्यालगतचे सर्वांत मोठे बेट (सु. १४८ चौ. किमी.) असून ते १८८७ पासून पुलाने मुख्य भूमीशी जोडलेले आहे. सु. ६७० मी. उंचीचा स्लीव्हमोर डोंगर, खालची पीटची दलदल आणि अटलांटिकच्या वाऱ्याला उघडी पडलेली गावे, असे त्याचे स्वरूप. जमीन निकस व तुकड्यातुकड्यांत विभागलेली होती. बटाटा हे मुख्य अन्न, दलदलीतून कापून वाळविलेले पीट हे इंधन व थोडीफार मासेमारी, एवढ्यावर कुटुंबाचे भागत नसे. म्हणून दरवर्षी तरुण मुलेमुली स्कॉटलंडमध्ये बटाट्याच्या काढणीसाठी मजुरीस जात व त्या पैशातून घरचा खंड आणि दुकानाची उधारी फिटे. १८९४ मध्ये अशाच मजुरांना बोटीकडे नेणारी एक होडी क्लू उपसागरात उलटून ३२ जण बुडाले. त्यांची प्रेते गावी आणण्यासाठी तेव्हा बांधून होत आलेल्या ॲकिल लोहमार्गावरून, तो रीतसर खुला होण्यापूर्वीच, गाडी सोडावी लागली. अशा दरिद्री भागांच्या सुधारणेसाठी ब्रिटिश सरकारने १८९१ मध्ये ‘काँजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड’ नावाचे मंडळ स्थापिले होते. चित्रविक्रीवर निर्वाह होत नसल्याने हेन्रीने काही काळ या मंडळाकडे मजुरीवाटपाचे काम केले. त्यामुळे ज्यांना तो रंगवीत होता, त्यांची कमाई दर आठवड्यास किती असे, हे त्याला हिशेबाच्या वहीतून ठाऊक होते. पश्चिमेचे चित्रण करणाऱ्या फारच थोड्या चित्रकारांना असा परिचय लाभला.

ॲकिलमधील सुरुवातीच्या चित्रांत हा परिचय स्पष्ट उमटला आहे. लाँचिंग द करख (१९१०-११) या चित्रात काही पुरुष अंगाचा सगळा जोर लावून होडी लाटांत लोटीत आहेत. करख म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर फासलेले कापड ताणून केलेली हलकी होडी. ती नाजूक असल्याने पाण्यात घालण्याचा क्षणच धोक्याचा असतो, आणि हेन्रीने नेमका तोच क्षण पकडला आहे. माणसांचे चेहरे नीटसे दिसत नाहीत. दिसतो तो त्यांच्या देहांचा एकत्रित ताण. द पोटॅटो डिगर्स (१९१२) या चित्रात मोकळ्या आकाशाखाली बटाटे काढणाऱ्या वाकलेल्या स्त्रिया आहेत. मिलेच्या ग्लीनर्स (१८५७) या चित्राची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. परंतु मिलेच्या चित्रात दूरवर मालकाच्या धान्याच्या राशी आहेत, तर हेन्रीच्या चित्रात या स्त्रियांच्या श्रमाखेरीज दुसरी कोणतीही संपत्ती नाही. ही दोन्ही चित्रे आता डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. जे. एम्. सिंग याच्या नाटकांनी, विशेषतः रायडर्स टू द सी या एकांकिकेने, हेन्रीला पश्चिमेकडे पाहण्याची दृष्टी दिली होती. समुद्राने घरातील पुरुष हिरावून घेणे व स्त्रियांनी किनाऱ्यावर वाट पाहत राहणे हा सिंगचा विषय त्याच्या या काळातील अनेक चित्रांतून आढळतो.

अशी चित्रे काढणे सोपे नव्हते. आपले चित्र काढले गेल्यास अनिष्ट घडते, अशी बेटावरील लोकांची समजूत होती. कोणी कागद-पेन्सिल काढताच कामकरी पाठ फिरवीत. म्हणून हेन्री लहानशा टिपणवहीत चोरून रेखाटने करी व घरी आल्यावर स्मरणाने चित्र पुरे करी. त्याच्या मानवाकृती बहुधा पाठमोऱ्या वा वाकलेल्या असतात व त्यांचे चेहरे झाकलेले असतात, त्याचे एक साधे कारण हेही आहे. समीक्षकांनी या चेहरेरहित आकृतींना पुष्कळदा प्रतीकात्मक अर्थ दिला. तो सर्वस्वी चुकीचा नसला, तरी त्यामागे प्रत्यक्षातील एक अडचण होती, हे विसरता कामा नये.

साधारणपणे १९१५ नंतर मानवाकृती विरळ होऊ लागल्या व ॲकिलमधील अखेरच्या वर्षांत त्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या. माणूस चित्रातून गेला, तरी त्याने केलेल्या वस्तू राहिल्या. घर, पीटचा ढीग, दलदलीतील चर, किनाऱ्यावर उपडी घातलेली होडी यांतून त्याची चाहूल लागते. द फेअरी थॉर्न (१९१७) या चित्रात वाऱ्याने वाकलेले एकाकी काटेरी झाड हाच विषय झाला आहे. असे झाड तोडल्यास अप्सरांचा कोप होतो, या लोकसमजुतीने ते माळावर जपले जाते. या परिवर्तनाची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. लोकांचा चित्रणास विरोध होताच. दुसरे असे, की व्हिस्लरच्या शाळेतील छटांची शिस्त मानवाकृतीपेक्षा आकाश, पाणी व दूरचा डोंगर यांच्यावरच उत्तम चालते, आणि हेन्रीला आपले सामर्थ्य कशात आहे, हे या सुमारास उमगले. तिसरे कारण बाजाराचे होते. कष्टकऱ्यांची चित्रे कौतुकास पात्र ठरली, पण ती विकत घेऊन भिंतीवर लावणारे थोडे निघाले. निसर्गचित्रांना गिऱ्हाईक मिळाले. हेन्रीजवळ उत्पन्नाचे अन्य साधन नव्हते, हे लक्षात घेता या कारणास दुय्यम मानता येत नाही.

या दुसऱ्या टप्प्यातील सर्वोत्कृष्ट कृती म्हणजे डॉन, किलरी हार्बर (सु. १९२१, अल्स्टर म्यूझियम, बेलफास्ट). किलरी ही मेयो व गॉलवे या परगण्यांच्या सीमेवर डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची लांबट चिंचोळी खाडी आहे. पहाटेच्या प्रकाशात पाणी व आकाश यांतील सीमा नाहीशी होत आहे आणि दोहों बाजूंचे डोंगर एकावर एक ठेवलेल्या सपाट निळ्या-करड्या पट्ट्यांप्रमाणे मागे सरत गेले आहेत. घर नाही, होडी नाही, झाडही नाही. रंगलेपन पातळ व संयत असून कुंचल्याचा फटकारा कोठेही मिरविलेला नाही. या चित्रातील रितेपणा पूर्ण अर्थाने चित्रकाराचा आहे. त्यात विक्रीसाठी केलेली तडजोड दिसत नाही, की पश्चिमेविषयीचा भाबडा उमाळाही दिसत नाही. हेन्रीने एवढे एकच चित्र काढले असते, तरी आयरिश निसर्गचित्रणाच्या इतिहासात त्याचे नाव राहिले असते.

हेन्री दांपत्य १९१९ मध्ये डब्लिनला आले. तेथील रॉयल हायबर्नियन अकादमीच्या प्रदर्शनांत नव्या वळणाच्या चित्रांना फारसे स्थान नव्हते. म्हणून १९२० मध्ये हेन्री, ग्रेस, जॅक बी. येट्स, मेरी स्वॉन्झी प्रभृतींनी ‘सोसायटी ऑफ डब्लिन पेंटर्स’ या संस्थेची स्थापना केली. सेंट स्टीफन्स ग्रीन या चौकातील तिच्या लहानशा कलावीथीत १९२३ साली मेनी जेलेट या चित्रकर्त्रीने घनवादी धाटणीची अप्रतिरूप चित्रे मांडली, तेव्हा वृत्तपत्रांतून मोठे वादंग माजले. आयर्लंडमध्ये आधुनिक कलेचा प्रवेश ज्या दारातून झाला, ते उघडणाऱ्यांत हेन्री होता, ही गोष्ट त्याच्या पुढील लोकप्रियतेमुळे बरीच झाकली गेली. तो पुढे अकादमीचाही सदस्य झाला (१९२९).

याच सुमारास आयर्लंडचा राजकीय नकाशा बदलला. १९१६ चा उठाव, त्यानंतरचे स्वातंत्र्ययुद्ध व १९२१ चा तह यांतून डिसेंबर १९२२ मध्ये आयरिश स्वतंत्र राज्य अस्तित्वात आले व लगोलग यादवी युद्धाचेही चटके त्याने सोसले. त्याच वर्षी पॅरिस येथे भरलेल्या जागतिक आयरिश परिषदेच्या निमित्ताने एक कलाप्रदर्शन झाले. त्यातील हेन्रीचे वेस्ट ऑफ आयर्लंड व्हिलेज हे चित्र फ्रेंच शासनाने लक्झेंबर्ग संग्रहालयासाठी घेतले. नवे राज्य आपल्या स्वतंत्र सांस्कृतिक अस्तित्वाचा पुरावा शोधीत होते. इंग्रजी भाषा व औद्योगिक शहरे यांचा स्पर्श ज्यास कमीत कमी झाला, असा पश्चिम किनारा हाच खरा आयर्लंड, ही कल्पना वाङ्‌मयीन पुनरुज्जीवनाच्या चळवळीने आधीच रुजविली होती. तिला सहज ओळखता येईल असे दृश्य रूप हवे होते आणि ते हेन्रीच्या चित्रांत तयार होते. शॉन कीटिंगच्या चित्रांतील बंदूकधारी पश्चिमेकडील पुरुष यादवीनंतरच्या काळात अनेकांना अस्वस्थ करणारे होते. हेन्रीच्या डोंगर-ढगांना कोणताच पक्ष नव्हता. आपल्या या चित्रांना असे राष्ट्रीय कार्य करावे लागेल, याची बेलफास्टमधील धर्मोपदेशकाच्या या मुलाला बहुधा कल्पना नसावी.

या प्रतिमेचा सर्वदूर प्रसार केला तो रेल्वेने. १९२५ च्या सुमारास लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वे या ब्रिटिश कंपनीने हेन्रीच्या चित्रांवरून कॉनेमाराची भित्तिपत्रके छापली व ती इंग्लंडमधील स्थानकांवर आणि परदेशांतही झळकली. आयरिश पर्यटन संघटना याच वर्षी स्थापन झाली होती. १९३२ मध्ये स्वतंत्र राज्याच्या शासनाने देशाची माहिती देणारे जे अधिकृत पुस्तक काढले, त्यातही हेन्रीचे चित्र होते. म्हणजे एकच दृश्य एकीकडे राष्ट्राचे मानचिन्ह ठरले व दुसरीकडे सुटीचे आमिष. भित्तिपत्रकाच्या छपाईत सपाट रंग व ठळक आकार लागतात. हेन्रीची शैली त्यास अनुकूल होती, पण तिच्यातील सर्वांत मोलाच्या करड्या छटा छपाईत हरवत. अनेकांना हेन्री ठाऊक झाला तो असा, निम्मा.

भित्तिपत्रकांतील पांढरी घरे सुखी व निवांत दिसतात. ती गवताने शाकारलेली असत, कारण कौले परवडत नसत; छपरावरून आवळलेल्या दोरांना दगड बांधलेले असत, कारण वादळात छप्पर उडून जाई. आत राहणारी माणसे अमेरिकेची व इंग्लंडची वाट धरीत होती. आताच्या आयर्लंड प्रजासत्ताकाच्या प्रदेशाची लोकसंख्या १९२६ मध्ये सु. २९·७ लाख होती. १९६१ मध्ये ती सु. २८·२ लाखांवर घसरली होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या चार दशकांत लोकसंख्या घटलेले हे राज्य. ॲकिलच्या लोहमार्गाने पर्यटकांची अपेक्षा केली, पण तो १९३७ मध्ये बंद पडला. त्याच सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडमधील कर्किंटिलॉक येथे रात्री कोंडवजा खोपटास आग लागून ॲकिलचे दहा तरुण मजूर जळून मेले, व त्यांच्या शवपेट्या शेवटच्या दिवसांत याच मार्गाने घरी आल्या. हेन्रीच्या १९१२ च्या चित्रातील बटाटे काढणाऱ्या स्त्रियांच्याच गावांतील ही पुढची पिढी. ती त्याच्या किंवा इतर कोणाच्याही भित्तिपत्रकात नाही. हा दोष एकट्या हेन्रीवर लादणे अन्यायाचे होईल. रिकामी होत चाललेली भूमी त्याने रिकामीच रंगविली, असाही त्याच्या चित्रांचा अर्थ करता येतो. परंतु तो अर्थ त्याकाळी ती विकत घेणाऱ्यांनी केला नाही.

१९३० नंतरच्या चित्रांत पुनरावृत्ती वाढली, हे मान्य करावे लागते. डोंगर, ढग, घरे व पाणी यांची जुळणी ठरीव होत गेली. ए कॉनेमारा व्हिलेज सारख्या चित्रांत घरांचा समूह व त्यामागील डोंगर यांची बांधणी अजूनही भक्कम आहे, पण पुष्कळ चित्रे केवळ मागणीपोटी झाली. पैशाची विवंचना हे त्याचे उघड कारण होते. ग्रेसपासून तो याच सुमारास कायदेशीरपणे विभक्त झाला. ग्रेसला ॲकिलचा एकांत कधीच मानवला नव्हता. तिची रात्रीच्या प्रकाशाची चित्रे पतीच्या चित्रांहून अधिक धीट रंगांची असून अलीकडच्या काळात त्यांना योग्य ती मान्यता मिळू लागली आहे. सु. पंचवीस वर्षांच्या या सहचारिणीचा हेन्रीच्या आत्मचरित्रात जवळजवळ उल्लेखच नाही. तो मेबल यंग या चित्रकर्त्रीसह विक्लो परगण्यातील एनिस्केरीजवळ राहू लागला व ग्रेसच्या मृत्यूनंतर त्यांनी विवाह केला. १९४५ च्या सुमारास त्याची दृष्टी गेली व चित्रे थांबली. ब्रे येथे त्याचे निधन झाले. आत्मचरित्राचा दुसरा भाग, फर्दर रेमिनिसन्सेस, मरणोत्तर प्रसिद्ध झाला (१९७३).

जॅक बी. येट्स व हेन्री यांची तुलना नेहमी केली जाते. येट्सने माणसांची गर्दी, जत्रा व शर्यती रंगविल्या आणि उतारवयात तो अभिव्यक्तिवादाकडे वळला; हेन्री एका विषयाशी व एका रीतीशी एकनिष्ठ राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अप्रतिरूप कलेचा पुरस्कार करणाऱ्या समीक्षकांनी हेन्रीला पर्यटनचित्रकार ठरवून बाजूस सारले. नॅशनल गॅलरीने २००३ मध्ये त्याच्या कार्याचे मोठे प्रदर्शन भरविले आणि एस्. बी. केनेडी या अभ्यासकाने २००७ मध्ये त्याच्या चित्रांची सविस्तर सूची प्रसिद्ध केली, तेव्हापासून त्याच्या आरंभीच्या चित्रांकडे नव्याने पाहिले जाऊ लागले. हे काम कठीण होते, कारण हेन्री आपल्या चित्रांवर क्वचितच साल घालीत असे व एकच शीर्षक अनेक चित्रांना देत असे. त्यामुळे सहीचे बदलत गेलेले वळण, प्रदर्शनांच्या जुन्या यादीपत्रिका व रंगलेपनाची जाडी यांवरून एकेका चित्राचा काळ ठरवावा लागला.